खरवडलेली काच

ठक... ठक, ठक.

लाकडी दारावर, आतल्या बाजूने, बोटांच्या पेरांनी वाजवल्याचा आवाज होता तो. आधी जोरात, मग थांबून थांबून, आणि शेवटी शेवटी तर नुसता नखांचा. आजोबांनी तो ऐकला त्याला आता त्रेपन्न वर्षं होऊन गेली. माणूस काय काय विसरतो. आईचा आवाज विसरतो, ज्याच्यासाठी ऊर फुटेस्तोवर रडलो त्याचा चेहरा विसरतो. हा आवाज मात्र आजोबांना सोडून गेला नाही.

म्हणूनच असेल, घरात कुणी दार वाजवलं की सगळ्यांच्या आधी आजोबा उठायचे. भरल्या ताटावरून उठायचे, अर्ध्या दाढीने उठायचे. सून हसायची. म्हणायची, "बाबांचे गुडघे फक्त बाजारात जाताना दुखतात. दार वाजलं की बघा, हरीण!"

नात लहान होती तेव्हा तिने शाळेत त्यांच्यावर निबंध लिहिला होता. 'माझे आजोबा कुणालाही दारात उभं ठेवत नाहीत. ते कधी खोटं बोलत नाहीत.' त्या दोन ओळी वाचल्या आणि आजोबा न्हाणीघरात जाऊन रडून आले. घरच्यांना वाटलं, कौतुकाने रडले. आयुष्याकडे त्यांचं एकच मागणं उरलं होतं. आपण आहोत तोवर ती एक गोष्ट ह्या पोरीला कळू नये. बाकी काही नको.

पोरगी आता एकोणीस वर्षांची झाली होती, चित्रकला शिकत होती, आणि त्या उन्हाळ्यात तिला नवं खूळ लागलं होतं. कागदाला रस चोपडायचा, त्यावर पान नाहीतर फूल ठेवायचं, वर काच दाबायची आणि गच्चीवर उन्हात ठेवून द्यायचं. ऊन लागेल तिथला रंग उडतो, झाकलेला राहतो, आणि कागदावर पान उमटतं. तिने पालक वाटला, बीट किसलं, दारातल्या जांभळ्या फुलांचा चोथा केला. सून कपाळाला हात लावून म्हणाली, "एक जुडी भाजीला, एक जुडी फोटोला! ह्या घरात पानं खातात कमी आणि छापतात जास्त."

तीन तीन दिवस उन्हात ठेवून पान उमटायचं, आणि आठवड्याभरात कागद कोरा व्हायचा.

"टिकत नाही हो, आजोबा," नात हिरमुसून म्हणाली. "सगळं उडून जातं."

"रस तो. उडणारच," आजोबा सावकाश म्हणाले. "टिकायला निळा छाप हवा. दोन खार लागतात त्याला. एक हिरवट, एक लाल. आणून देतो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन रसायनांच्या दुकानात गेले. दुकानदाराने दोन पुड्या बांधल्या आणि विचारलं, "ह्या वयात काय कारखाना काढताय की काय, आजोबा?"

"नात काढतेय. मी शिपाई."

इतकं साधं होतं सगळं. पिशवीत दोन पुड्या, एक रुंद ब्रश, जाड कागदाची गुंडाळी. येताना आजोबा शीळ घालत आले. कित्येक वर्षांत त्यांनी शीळ घातली नव्हती.

न्हाणीघराची खिडकी त्यांनी पुठ्ठ्याने बंद केली. अंधुक उजेडात दोन्ही खारांचं पाणी सारखं मिसळून नातीने ब्रशने कागदावर ओढलं. आजोबा बाजूला बसून सांगत होते, "आडवा हात मार... आता उभा. थांब, ओघळ येतोय." वाळल्यावर कागद पिवळसर हिरवा झाला. त्यावर पान, वर काच, चारी बाजूंनी चिमटे, आणि गच्चीवर पंधरा मिनिटं ऊन. मग पाण्याच्या टबात कागद बुडवला तसा पिवळा रंग वाहून गेला आणि खालून गडद निळा उगवला. मधोमध पांढरं शुभ्र पान.

नात टाळ्या पिटायला लागली. "जादू!"

"जादू कसली. ऊन आहे."

चार दिवसांत पानं संपली, फुलं संपली, स्वयंपाकघरातला झारा आणि सुनेचा कंगवाही छापून झाला. मग नातीने गळ घातली. "आजोबा, तुमच्या पलंगाखाली त्या जुन्या काचा आहेत ना? माणसांच्या?"

आता त्या काचांचं सांगायला हवं. आजोबा तरुणपणी एका फोटो स्टुडिओत कामाला होते. त्या काळी फोटो आधी काचेवर उतरायचा, मग काचेवरून कागदावर. काचेवर सगळं उलटं. काचेवर जे काळं, ते कागदावर पांढरं. काच जिथे स्वच्छ, तिथे कागद काळा. खिडकीपाशी उतरत्या टेबलावर काच ठेवून आजोबा दिवसभर बसायचे. पेन्सिलीने हलकेच भरलं की माणसाची सुरकुती जायची. ब्लेडच्या टोकाने खरवडलं की नको असलेलं काळोखात जायचं. लोकांचे मुरूम, व्रण, दुहेरी हनुवट्या त्यांनी इतक्या पुसल्या, की स्टुडिओत त्यांना कुणी नावाने हाक मारीनासंच झालं. सगळे म्हणायचे, 'खोडरबर'.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाने काचा फेकायला काढल्या. आजोबांनी एक पेटी उचलून घरी आणली. नात आता त्यातली एकेक काच उन्हाला धरून बघत होती. मिशीवाला फौजदार, जुळ्या बहिणी, टोपी घातलेलं रडकं बाळ. पेटीच्या तळाशी काळ्या कागदात गुंडाळलेली एक काच निघाली.

"ही?"

"ती ठेव. तडा गेलाय तिला," आजोबा म्हणाले.

तडा गेला नव्हता. ती काच आजोबांनी चारदा फोडायला काढली होती आणि चारदा परत ठेवली होती. एकदा पुसलेल्या माणसाला पुन्हा फोडायचं कसं?

मालकाची बायको होती ती. स्टुडिओतले सगळे तिला वहिनी म्हणायचे. अंगाने किरकोळ, दम्याची, पण हसली की खोली भरायची. मालकाला तिचं हसणं खपायचं नाही. राग आला की तो तिला डार्करूममध्ये ढकलायचा आणि बाहेरून कडी लावायचा. "डोकं थंड होऊ दे तुझं," म्हणायचा. त्या दारावर लाल दिवा होता. दिवा लागला की दार उघडायचं नाही, हा स्टुडिओचा पहिला नियम. आत काचा उघड्या असतात, बोटभर फट पडली तरी दिवसाचं काम मातीत जातं. आत कुणी मेलं तरी उघडायचं नाही, असं मालक गमतीने म्हणायचा.

एका दुपारी त्याने तिला कोंडलं, वरचा लाल दिवा लावला आणि जेवायला निघून गेला. बाहेर खिडकीपाशी एकटा खोडरबर होता. आतून वाजायला लागलं. त्याने मान वर केली. दिवा लाल होता. आत काम चाललेलं नाही हे त्याला ठाऊक होतं. आत कोण आहे हेही ठाऊक होतं. पण दिवा लाल होता. त्याने मान खाली घातली आणि कुणा नवरदेवाच्या गालावरचा व्रण पेन्सिलीने भरत बसला. चार वाजता मालक आला. त्याने कडी काढली.

दम्याने गेली, असं डॉक्टरांनी लिहिलं. खोडरबरला कुणी काही विचारलं नाही, आणि तो मूग गिळून राहिला. महिन्याभराने मालकाने त्याच्यापुढे एक काच ठेवली. मालक खुर्चीत बसलेला, शेजारी वहिनी उभी, तिचा हात त्याच्या खांद्यावर. "हिला काढून टाक," मालक म्हणाला. "दुसरं लग्न ठरतंय. माझा एकट्याचा चांगला फोटो नाही."

दोन दिवस लागले. आधी पाय, मग कंबर, मग चेहरा. ब्लेडखालून काळी भुकटी पडत होती आणि वहिनी स्वच्छ काच होत होती. खांद्यावरची चार बोटं तेवढी राहिली. ती खरवडली असती तर मालकाचा कोट बिघडला असता. खोडरबरने पेन्सिलीने त्यांना कोटाच्या सुरकुतीसारखं केलं आणि काच पुढे सरकवली.

तर ती ही काच.

दुपारी आजोबांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा नात पलंगाशी उभी होती, हातात ओला निळा कागद.

"रागावू नका हं. तडा कुठे दिसला नाही, म्हणून छापली. आजोबा, ही कोण?"

आजोबांनी चष्मा लावला. खुर्चीत मालक होता. त्याच्या शेजारी, जिथे काच स्वच्छ होती आणि कागद नुसता निळा व्हायला हवा होता, तिथे पांढरी आकृती उभी होती. बाईची. चेहरा नाही, हात नाही, पण खांदे होते, मान होती, मानेवर अंबाडा होता.

"काच आण इकडे..."

काच उजेडाला धरली. आरपार. आकाश दिसत होतं, समोरच्या इमारतीची टाकी दिसत होती. तिथे ऊन अडवणारं काहीही नव्हतं.

"खार नीट लागला नसेल तेवढ्या जागी," आजोबा म्हणाले.

"बाईच्या आकाराचा? बरा राहिला की चुकून! हे खुर्चीतले कोण?"

"मालक आमचे."

"आणि ही?"

"कुणी नाही."

नातीने त्यांच्याकडे पाहिलं. आजवर तिने त्यांचं कुठलंही उत्तर खोटं ठरवलं नव्हतं. आताही ठरवलं नाही. पण कागद तिने त्यांच्या हातात दिला नाही, आपल्या खोलीत नेऊन भिंतीला टाचला.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेल्यावर आजोबा एकटे गच्चीवर चढले. कागद त्यांनी स्वतः चोपडला होता, कुठे बोटभर जागा सोडली नव्हती. बाराचं ऊन. गच्ची तव्यासारखी तापलेली, कुठे कुणाची सावली नाही, वाऱ्याचा आवाज नाही, दोरीवरचे कपडेसुद्धा निपचित. चौकट जमिनीवर ठेवून ते दोन पावलं मागे सरले.

आणि काचेवरचं ऊन गेलं.

गच्चीभर लख्ख ऊन होतं. त्यांच्या टाळूवर होतं, पायांवर होतं. फक्त त्या वीतभर काचेवर सावली होती, जशी कुणी जवळ येऊन, वाकून बघत असताना पडते. मग वास आला. आंबूस, नाकात चढणारा, डार्करूमच्या बंद खोलीचा वास. उघड्या आकाशाखाली, भर उन्हात, तो वास त्यांच्या छातीपर्यंत उतरला आणि श्वास अडकला. कुणी तरी अगदी जवळ श्वास घेत होतं... ओढून ओढून, शिट्टी वाजल्यासारखा.

"वहिनी..." आजोबा म्हणाले.

पंधरा मिनिटं ते जागचे हलले नाहीत. मग सावली सरकली, काचेवर ऊन परत चमकलं. त्यांनी कागद पाण्यात सोडला. पांढऱ्या आकृतीला आता हात होते. ओठ होते, मिटलेले. आणि खुर्चीतल्या मालकाला डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी दोन गडद निळे खड्डे.

चौकट उघडली तर काचेच्या कडेला काळी भुकटी सांडली होती. ब्लेडने खरवडल्यावर पडते तशी. अगदी ताजी.

संध्याकाळी फोन वाजला. मालकाची मुलगी होती, दुसऱ्या लग्नाची. आजोबांना तिने लहानपणी एकदोनदा पाहिलं होतं, तेवढीच ओळख.

"काका, आज दुपारपासून बाबांना काही दिसत नाहीये. डॉक्टर म्हणतात डोळे ठीक आहेत. एकच धोशा लावलाय त्यांनी, खोडरबरला बोलवा, खोडरबरला बोलवा. तुम्हीच ना ते?"

"मीच," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मालक नव्वदीला टेकला होता, पण माणूस अजून ताठ होता, उशांना टेकून बसलेला. खोलीला दोन मोठ्या खिडक्या, दोन्ही सताड उघड्या. त्याचं तोंड मात्र भलत्याच दिशेला होतं.

"आलास? दिवा लाव आधी."

"मालक, सकाळ आहे. ऊन आलंय खोलीत."

"मग तो लाल कसला जळतोय?"

आजोबांनी वळून पाहिलं. मालक दाराच्या वरच्या भिंतीकडे बघत होता. तिथे काही नव्हतं.

"काच तुझ्याकडे आहे," मालक हळू आवाजात म्हणाला. "पेटी उचललीस तेव्हाच कळलं होतं मला. फोडून टाक ती."

"का?"

"का म्हणून काय विचारतोस! मी काही मारलं नाही तिला. दार लावलं फक्त. रोजच लावायचो. त्या दिवशीच तिला मरायचं सुचलं, त्याला मी काय करू?" तो दम खायला थांबला. मग हसला, तोच जुना हसरा चेहरा. "आणि मी बुडालो तर तूही बुडशील, खोडरबर. तू ऐकलं होतंस सगळं."

आजोबांनी विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"चार वाजता मी कडी काढली, तेव्हा तू वर पाहिलं नाहीस. कडीचा आवाज झाला, मी ओरडलो, तरी तुझी मान खाली. ज्याने काही ऐकलं नसतं तो धावत आला असता." तो उशीवर मागे रेलला. "घरी नात आहे म्हणे तुझी. लाडकी. तिला सांगू? फोड ती काच."

आजोबा भित्रे म्हणून जन्मले होते, भित्रे म्हणून म्हातारे झाले होते. मुंगीसुद्धा उचलून बाजूला ठेवणारे. पण आता त्यांच्या आत काही तरी हळूहळू गडद होत गेलं, पाण्यात सोडलेल्या कागदासारखं. ते उठले. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांनी मालकाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"उद्याही ऊन चांगलं पडणार आहे," ते म्हणाले, आणि निघाले.

"खोडरबर! अरे... खोडरबर!"

पाठीमागून हाका येत राहिल्या. आजोबांनी जिना उतरताना चाल बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच ते गच्चीवर होते. चौकट ठेवली आणि या वेळी मागे सरले नाहीत, शेजारी मांडी घालून बसले. काचेवर सावली आली. वास आला. ओढून घेतलेला श्वास कानाशी आला. त्यांच्या मनात भीतीपेक्षा दुसरंच काही होतं, गोडसर, जिभेवर रेंगाळणारं.

"घ्या, वहिनी," ते म्हणाले. "सावकाश घ्या. मी आहे इथे."

कर्र... कर्र... काचेवर ब्लेड फिरल्याचा बारीक आवाज येत होता. त्यांच्याच हाताची लय होती ती. दोन लहान ओरखडे, एक लांब. ही लय दुसऱ्या कुणाला येणं शक्य नव्हतं. त्या दोन दिवसांत जिला खरवडलं, तिने ती आतून मोजली असेल.

पाण्यातून कागद वर काढला तेव्हा मालकाचं तोंड गेलं होतं, छाती गेली होती. त्याच्या जागी निळा काळोख. वहिनीला चेहरा आला होता. ती हसत नव्हती.

फोन संध्याकाळीच आला. मुलगी रडत नव्हती, तिची बोबडी वळली होती.

"बाबा गेले, काका... साडेबारा वाजता त्यांच्या खोलीचं दार आपोआप लागलं. आतून वाजवत होते ते. मी ओढतेय, नवरा ओढतोय, शेजारचे आले, सुतार आला... दार हलेना. कडी कुठेच लागलेली नव्हती हो! आतून वाजवत होते, मग हळू वाजवायला लागले, मग..." ती थांबली. "चार वाजता उघडलं. मी नुसता हात लावला आणि उघडलं."

आजोबांनी फोन ठेवला. सुनेला म्हणाले, "आमचे मालक वारले." सून म्हणाली, "अगं बाई, बसा जरा, तुम्ही पांढरेफटक पडलात." पण त्या रात्री आजोबा गाढ झोपले. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या झोपेत कुणी दार वाजवलं नाही. तिचं तिला मिळालं, त्यांना वाटलं. फिटलं सगळं. आणि ज्याच्या तोंडून ती गोष्ट नातीला कळली असती, ते तोंडही आता राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मालकाच्या घरी चार माणसांत बसून आले. घरी परतेपर्यंत ऊन कललं होतं. सून म्हणाली, "तुमची नात दुपारपासून गच्चीवर आहे. जेवायला हाक मारली तर ओ नाही. जरा बघता का?"

आजोबा एकेक पायरी चढत वर गेले.

नात टबापाशी उकिडवी बसली होती. केस विस्कटलेले, बोटं निळी. समोर जमिनीवर ओला कागद पसरला होता. आजोबा जवळ जाऊन वाकले.

खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर बाईचा हात होता. वहिनी पूर्ण उमटली होती, डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत. पण कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. मान वळवून ती फोटोच्या बाहेर, डाव्या बाजूला बघत होती. तिथे खिडकी होती. खिडकीपाशी उतरतं टेबल होतं. हे काही फोटोत नव्हतं, कधीच नव्हतं. आजोबांना तेवढं ठाऊक होतं.

"तुमचं टेबल तिथे होतं ना?" नातीने विचारलं.

आजोबांनी तिला टेबल कुठे होतं ते कधी सांगितलं नव्हतं. स्टुडिओतली कुठलीच जागा सांगितली नव्हती.

"कुणी सांगितलं तुला?"

ती कागदाकडेच बघत होती. मग हळू आवाजात, आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तशी म्हणाली, "ह्या आतून वाजवत होत्या. खूप वेळ. तुम्ही ऐकलं होतं, आजोबा?"

नाही म्हणणं सोपं होतं. जगात आता दुसरा साक्षीदार नव्हता. नात त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवेल, हेही त्यांना ठाऊक होतं. अजूनही ठेवेल. तिच्या डोळ्यांत तेच होतं, तिला 'नाही' हवं होतं. आजोबांनी तोंड उघडलं. आणि त्यांना दिसलं की कागदावरची बाईही वाट बघते आहे. मान वळवून, ओठ मिटून.

"हो," आजोबा म्हणाले.

गच्चीवर दोरीवरचा एक कपडा हलला आणि थांबला.

"दिवा लाल होता, बाळा. लाल दिवा असला की दार उघडायचं नाही, असा नियम होता आमच्यात. काचा खराब होतात... मी तरुण होतो. नोकरी गेली असती. मला वाटलं... मला वाटलं, मालक येईलच आता..." शब्द त्यांच्या तोंडातून ओघळत गेले. आपण थांबावं हे त्यांना कळत होतं.

नातीने सगळं ऐकून घेतलं. मग मान वर केली. "आणि दिवा लाल नसता तर?"

ह्या प्रश्नाचं उत्तर आजोबांनी त्रेपन्न वर्षं शोधलं होतं. रोज शोधलं होतं. तिच्याकडे बघत ते उभे राहिले. त्यांचे ओठ हलले, पण 'उठलो असतो' हे दोन शब्द काही केल्या बाहेर येईनात. खोटं बोलायची वेळ निघून गेली होती, आणि खरं काय ते त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

नात वाट बघत होती. मग तिने ओला कागद दोन्ही हातांनी अलगद उचलला, झोपलेलं मूल उचलावं तसा, आणि उठली.

"पोरी..." आजोबा म्हणाले.

ती जिन्याकडे चालू लागली. जिन्याच्या तोंडाशी क्षणभर थांबली, अंग चोरून भिंतीला टेकली, जागा केली, कुणा थोरल्या बाईला आधी उतरू द्यावं तशी. मग त्यांच्या मागोमाग ती खाली उतरून गेली.